उसनी थरथर

आमच्या घरात डोळे बनतात. हे वाक्य मी आयुष्यभर लोकांना सांगत आले आहे, आणि आयुष्यभर लोकांनी ते ऐकून आधी माझ्या तोंडाकडे आणि मग माझ्या डोळ्यांकडे बघितलं आहे. माझे दोन्ही खरे आहेत. आमचे हे कृत्रिम डोळे बनवतात, अपघातात नाहीतर आजारपणात ज्यांचा डोळा गेला त्यांच्यासाठी. त्यांच्याआधी त्यांचे वडील बनवायचे. मी लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात सासऱ्यांनी मला पॉलिशच्या चाकासमोर बसवलं, ती मी अजून तिथंच आहे. डोळ्याला शेवटची चकाकी मी देते. ती नसेल तर कितीही सुंदर रंगवलेला डोळा कोरड्या गोटीसारखा दिसतो. यांनी हे कधी तोंडाने कबूल केलेलं नाही, पण मी आजारी पडले की दुकान बंद राहतं, त्यावरून काय ते समजावं.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. आधी माणसाच्या डोळ्याच्या खोबणीचा साचा घ्यायचा, त्यावरून मेणाचा नमुना करायचा, त्यावरून पांढरी वाटी ओतायची. एका छोट्याशा काळ्या चकतीवर बुबुळ रंगवायचं. मधल्या बाहुलीपासून कडेपर्यंत केसाएवढ्या बारीक रेघा, एकीवर एक, निरनिराळ्या रंगांच्या. पांढऱ्यावर लाल रेशमाचे तंतू चिमट्याने बसवायचे, त्या झाल्या शिरा. वर पारदर्शक थर, उकळत्या पाण्यात तो कडक करणं, घासणं, आणि शेवटी मी. साचा कुणीही घ्यायला शिकेल. खरी कसोटी त्या रेघांची. रेघ एका दमात, न अडखळता, आतून बाहेर गेली पाहिजे. ती तशी गेली की डोळा शांत दिसतो.

यांची शिकवण्याची पद्धत म्हणजे, बघ आणि कर. तोंडातून चकार शब्द नाही. यांना यांच्या वडिलांनी असंच शिकवलं होतं, आणि त्या दोघा बापलेकांनी माझ्यादेखत एकमेकांशी बोललेली वाक्यं मला बोटांवर मोजता येतील. रंगकाम चालू असताना खोलीत बोलायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा. लग्नाआधी कुणी मला हे सांगितलं असतं तर मी जरा विचार केला असता.

रेघ काढण्याआधी यांचे काही ठरलेले विधी असायचे. आधी खाकरायचं, घशात खोलवरून. मग कुंचल्याची दांडी कानाच्या पाळीला टेकवायची. मग श्वास रोखायचा, आणि मग रेघ. प्रत्येक रेघेला हे सगळं. सासऱ्यांचंही अगदी तसंच होतं, खाकरण्याचा सूरसुद्धा तोच. डोळे मिटून बसलं तर आत कोण काम करतंय ते कळायचं नाही.

आमच्या चिरंजीवांनी हे लहानपणापासून पाहिलं आणि कॉलेजात गेल्यावर जाहीर केलं की त्यांना वानरांचा अभ्यास करायचाय. त्यावर हे कितीतरी दिवस तोंड उघडून बोलले नाहीत, म्हणजे नेहमीसारखेच वागले, त्यामुळे ते रागावलेत हे आम्हाला फार उशिरा कळलं. मुलगा आता गावाबाहेरच्या प्राणिसंग्रहालयात चिंपांझींवर काम करतो. डोळ्यांच्या दुकानाला वारस नाही, ही गोष्ट या घरात कुणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना ऐकू येत होती.

मग सून आली. ती नकाशे काढणाऱ्या कचेरीत होती. संध्याकाळी कामावरून आली की कपडेही न बदलता खोलीच्या दारात उभी राहून यांचा हात बघत बसायची. एक दिवस यांनी मागे न बघता पायाने एक स्टूल दाराकडे सरकवलं. आमच्या घराण्यात याहून मोठा सत्कार नाही. तिने नोकरी सोडली आणि त्या स्टुलावर बसली.

तेव्हापासून यांना आयुष्याकडून एकच गोष्ट हवी होती. आपला हात चालतोय तोवर ती रेघ सुनेच्या हातात बसावी. आमच्या शहरात डोळे रंगवणारं दुसरं कुणी नाही. खोबणीचा आकार बदलत जातो, त्यामुळे डोळा काही वर्षांनी नव्याने करावा लागतो. म्हणजे आमचे डोळे लावून ऑफिसात, बाजारात, लग्नात वावरणारी माणसं पुन्हा पुन्हा येणार, आणि एक दिवस येतील तेव्हा दाराला कुलूप असेल, याची यांनी धास्ती घेतली होती. मला सांगितलं नाही. पण इतकी वर्षं गप्प माणसासमोर बसल्यावर बाईला एवढं तरी कळतंच.

आणि हात तर चालेनासा होत होता.

आधी कप बशीवर वाजायला लागला. मी डॉक्टरांचं नाव काढलं. हे म्हणाले, थंडी आहे. थंडी गेली, वाजणं राहिलं. मग चहा फार कडक असतो असं ठरलं. मग खुर्चीचा दोष निघाला, आणि खरोखर नवी खुर्ची घरात आली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. मी पुन्हा डॉक्टर म्हटलं तर असे बघायचे की जणू मी दुकान विकायला काढलंय. शेवटी मी कप अर्धाच भरायला लागले, आणि त्या विषयावर घरात अळीमिळी गुपचिळी झाली. मला भीती वाटत होती, हे सरळच सांगते. इतका ताठ माणूस हाताने हरला तर उभा कसा राहील, हे मला दिसत नव्हतं.

सूनबाई मात्र जोरात होती. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं म्हणतात ते खोटं नाही. ती साचे घ्यायला शिकली, रंग कालवायला शिकली, आणि एक दिवस चाक थांबवून मी ऐकते तर आतून दोन खाकरणी येताहेत. एक जाड, एक बारीक. डोकावले, तर दोघं शेजारी शेजारी बसून कानाच्या पाळीला कुंचले टेकवताहेत. मला हसू आवरेना.

रविवारी जेवताना मी तो विषय काढलाच. म्हटलं, आपल्या सूनबाईने सासऱ्याची अगदी माकडासारखी नक्कल उचललीय, खोकल्यासकट. ती बिचारी लाजली. मुलाने मात्र घास खाली ठेवला.

"आई, माकडांची उगाच बदनामी करू नकोस," तो म्हणाला. "नक्कल माकडं करत नाहीत. नक्कल आपण करतो."

मग त्याने आम्हाला त्याच्याकडच्या एका पेटीची गोष्ट सांगितली. पेटी पारदर्शक. आत खाऊ. माणूस समोर बसतो, काठीने पेटीच्या वरच्या बाजूला टकटक करतो, एक कडी उगाच मागेपुढे करतो, आणि मग खालचं दार उघडून खाऊ काढतो. वरच्या टकटकीचा आणि खाऊचा काही संबंध नाही, हे आरपार दिसतं. चिंपांझीसमोर हे केलं की तो टकटक वगैरे सगळं सोडून देतो, सरळ दार उघडतो आणि खाऊ घेतो. बालवाडीतलं पोर मात्र सगळं करतं. टकटकसुद्धा, कडीसुद्धा. नको म्हणून सांगितलं तरी करतं.

मी म्हटलं, म्हणजे वानर शहाणं आणि पोर येडं. मुलगा म्हणाला, तसं वाटतं खरं. पण पोराला वाटतं की समोरचा मोठा माणूस जे करतोय त्याला काहीतरी कारण असणार, आज मला कळत नसलं तरी. त्या भरवशावर ते सगळं उचलतं. म्हणून शिवण, सुतारकाम, भाषा, डोळे रंगवणं, हे सगळं एका पिढीकडून दुसरीकडे जातं. जिथल्या तिथं अक्कल चालवणारा खाऊ मिळवतो, पण त्याला दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

यांनी ताटावरून मान वर केली. "पोर बरोबर करतं," असं म्हणाले, आणि पुन्हा जेवायला लागले. एकाच जेवणात एक पूर्ण वाक्य आल्याने मुलगा खूश झाला.

त्याच सुमारास शाळेतल्या बाई आल्या. या बाई आमच्या फार जुन्या. तरुणपणी डोळा गेला, तेव्हापासून यांच्या हातचाच डोळा लावतात आणि मला वहिनी म्हणतात. त्यांचा जुना डोळा सैल झाला होता, वर्गात मध्येच फिरायचा. पोरांना बाई कुणाकडे बघताहेत ते कळेना. तू सांग म्हटलं की दोघं उभी राहायची. हसून सांगत होत्या, पण आता त्यांनी काळा चष्मा लावला होता, आणि चष्म्याआडून शिकवणं मला जमत नाही, असंही हळूच म्हणाल्या. यांनी साचा घेतला, मग सुनेकडे बोट दाखवलं आणि हातातला कुंचला तिच्यापुढे ठेवला. बुबुळ तिने रंगवायचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकटीने.

ते दिवस घरात परीक्षेचे होते. सूनबाई डोळ्यात तेल घालून काम करत होती. हे शेजारी बसून आपल्या एका दुसऱ्या चकतीवर काम करत होते, नेहमीसारखे, तिने बघावं म्हणून. तिच्याकडे बघत नव्हते. मला डोळा मिळाला तो थर चढवून झाल्यावर, आणि चाकावर माझं लक्ष असतं ते चकाकीकडे. मी तो लखलखीत करून दिला.

बाई आल्या, डोळा बसवला, आरशासमोर बसल्या. मान इकडे वळवली, तिकडे वळवली. माप अचूक होतं, रंग दुसऱ्या डोळ्याशी जुळला होता. तरी त्या आरशाच्या आणखी जवळ सरकल्या. मग शब्द शोधत म्हणाल्या, "चांगला झालाय हो. पण हा डोळा घाबरलेला वाटतो."

यांनी नवा डोळा काढून घेतला, बाईंचा जुना डोळा त्याच्या शेजारी पांढऱ्या फडक्यावर ठेवला आणि भिंग लावलं. बराच वेळ बघत राहिले. मग भिंग माझ्याकडे दिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. जुन्या डोळ्यातल्या रेघा सरळ बाहेर गेलेल्या होत्या. नव्यातली प्रत्येक रेघ कापत कापत गेली होती. एकही चुकून कापलेली नव्हती. सगळ्या सारख्याच, नीट, मन लावून कापवलेल्या.

बाईंना घाई नव्हती, त्या पुन्हा चष्मा लावून बसून राहिल्या. यांनी सुनेला विचारलं, "ही रेघ अशी का?"

"तुम्ही काढता तशीच काढली, बाबा."

"काढून दाखव."

तिने कोरी चकती घेतली. खाकरली. कुंचला कानाच्या पाळीला टेकवला. श्वास रोखला. आणि तिचा तरुण, धडधाकट हात, नकाशे काढणारा हात, चकतीला टेकायच्या आधी बरोबर थरथरायला लागला. किती आणि कुठपर्यंत थरथरायचं, सगळं तिला येत होतं. रेघ काढून झाली की हात पुन्हा दगडासारखा स्थिर.

ती वर न बघता बोलत होती. "मला वाटलं, खरी मेख त्या कापण्यातच आहे. शिरासुद्धा सरळ नसतात ना. तुमचा हात मधूनमधून जास्त कापायचा तेव्हा मला वाटायचं, पुढचा धडा सुरू झाला. मी थंडीभर काचेच्या तुकड्यांवर सराव केला, बाबा. मला जमतच नव्हतं."

यांनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. तो कापत होता. यांनी त्यावर डावा हात दाबला, तर दोन्ही कापायला लागले. थंडी, चहा, खुर्ची, यातलं काही आता चालण्यासारखं नव्हतं. मी वर्षभर अर्धे कप भरून जे सांगू शकले नाही ते त्या पोरीच्या निरोगी हाताने एका रेघेत सांगून टाकलं होतं. बाईंना सगळं कळलं असणार. त्या म्हणाल्या, मी नंतर येते, आणि जुना डोळा घेऊन गेल्या.

हे त्या दिवशी पुन्हा टेबलाशी बसले नाहीत. सूनबाई स्वयंपाकघरात येऊन माझ्याशेजारी उभी राहिली आणि रडली. आपण बाबांची चेष्टा केली असं त्यांना वाटलं असेल, असं ती म्हणत होती. मी म्हटलं, चेष्टा मी करते या घरात, तू कधी शिकलीच नाहीस. तिला हसू आलं, पण रडू काही थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा कामावर निघाला होता. यांनी त्याला दारात थांबवलं. बापाने आपल्याला वानरांबद्दल काही विचारावं म्हणून ज्या मुलाने इतकी वर्षं वाट पाहिली, त्याच्या हातातली पिशवी तशीच लोंबत राहिली.

"तुमच्याकडे त्या वानरी पोरांना काही शिकवतात?"

मुलगा म्हणाला, पोरं बघून शिकतात. जंगलातल्या काही वानरी दगडाने कठीण कवचाची फळं फोडतात. पोर शेजारी बसून वर्षानुवर्षं बघतं आणि हळूहळू शिकतं.

"आणि पोराचा दगड चुकीचा पडला तर आई काय करते?"

"बहुतेक वेळा काहीच नाही, बाबा. ती आपलं फोडत राहते. पोर आईकडे बघतं, आई पोराच्या हाताकडे बघत नाही. क्वचित एखादी बघते म्हणतात, पण क्वचितच."

यांनी मान वळवून आतल्या स्टुलाकडे बघितलं. मग म्हणाले, "मी पण फोडतच राहिलो की रे."

मुलाने पिशवी खाली ठेवली. मला बोलायला पुष्कळ सुचलं होतं, पण आयुष्यात एकदा तरी मी तोंडात मूग गिळून बसले. त्या माणसाचा चेहरा उतरलेला नव्हता. एखाद्या कामातली चूक सापडली की यांचा चेहरा जसा होतो तसा तो झाला होता, आणि चूक सापडलेला कारागीर कधीच दुःखी नसतो. त्याला कधी एकदा दुरुस्त करतो असं झालेलं असतं.

त्या दिवशी त्यांनी आपली ती नवी खुर्ची सुनेकडे सरकवली आणि स्वतः स्टुलावर बसले. दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर बसून राहिले. तिने विचारलं, बाबा, मी बघू कुणाकडे? हे म्हणाले, "माझ्याकडे नको बघू. आजपर्यंत माझ्यासारखं कर म्हटलं. आता माझ्यासारखं नको."

म्हणाले खरं, पण पुढे काय म्हणायचं ते यांना कुठं येत होतं. जो माणूस जन्मात कधी रेघेबद्दल बोलला नाही त्याला रेघ शब्दांत सांगायची होती. पहिला तासभर नुसतं "अं" आणि "म्हणजे असं बघ" चाललं होतं. मी चाक बंद करून ऐकत बसले. इतकी करमणूक मला फुकटात मिळत नाही. मग हळूहळू शब्द सापडत गेले. श्वास रोखायचा नाही, सोडायचा, आणि सोडून झाल्यावर जी थोडी जागा उरते त्या जागेत रेघ काढायची. कुंचला ढकलायचा नाही, चकतीच्या कडेकडे बघायचं, हात तिकडे आपोआप जातो. करंगळी टेबलाला टेकलेली हवी. हे सगळं यांच्या हातात कुठंतरी होतं, यांनाही ते ठाऊक नव्हतं, आणि बाहेर येताना तेच जास्त चकित होत होते.

सूनबाई कुंचला घ्यायची, खाकरायची, आणि सवयीने हात कापायला लागायचा. शिकलेलं सोडणं शिकण्यापेक्षा अवघड. चार-पाचदा तसं झाल्यावर हे वैतागले.

"ते खाकरतेस कशाला दर वेळी?"

"तुम्ही खाकरता म्हणून."

"मी खाकरतो कारण माझे वडील खाकरायचे."

"ते का खाकरायचे?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी सासऱ्यांची शेवटची वर्षं पाहिलेली, त्यांची औषधं मीच द्यायचे. म्हटलं, "अहो, त्यांना दमा होता."

यांनी सुनेच्या हातातल्या कुंचल्याकडे बघितलं. मग यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतात की काय. हे हसत होते. हात मांड्यांखाली तसेच ठेवून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. उभ्या आयुष्यात प्रत्येक रेघेआधी एका निरोगी माणसाने बापाचा दमा काढला होता, आणि आता सुनेला देऊन टाकला होता. सूनबाई पण हसायला लागली, आणि हसता हसताच तिने पुढची रेघ काढली. न खाकरता, कानाला काही न टेकवता. ती सरळ गेली. दोघांनी ती वाकून बघितली. मग यांनी सांगितलं, अजून एक.

संध्याकाळी मुलगा घरी आल्यावर त्याला हे सांगितलं तर त्याने जमिनीवर बसून घेतलं. म्हणाला, आमच्या पेटीवरच्या टकटकीचा याहून चांगला नमुना कुठं मिळायचा नाही. मी त्याला बजावलं की बापाचं नाव कुठल्याही अहवालात आलेलं मला चालणार नाही. पण मनात म्हटलं, काय जात आहे ही माणसाची. समोरच्यावर भरवसा टाकून त्याचा दमासुद्धा उचलते, आणि मग तीच जात एक दिवस आपल्याच हातावर बसून सांगते, माझं हे घेऊ नकोस. दुसरं कोण करतं असं? मला माणूस असल्याचा एवढा अभिमान क्वचित वाटला असेल.

हे डॉक्टरांकडे गेले, माझ्याबरोबर, कुरकुर न करता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हात थरथरण्याचाच आजार आहे, जिवाला धोका नाही, गोळ्यांनी जरा कमी होईल, पूर्ण जाणार नाही. बाहेर पडल्यावर यांनी मला एवढंच विचारलं, रेघ काढण्याइतका कमी होईल का, असं तू आत का विचारलं नाहीस? मी म्हटलं, विचारायचं तर तुम्ही विचारायचं होतं. ते म्हणाले, मला उत्तर माहीत होतं. आम्ही चालत घरी आलो. रस्ताभर मी त्यांचा तो हात धरला होता. लोकांनी बघितलं तर बघू दे म्हटलं.

बाईंचा डोळा सूनबाईने नव्याने केला. या वेळी हे तिच्या हातावरून नजर हलवत नव्हते. एखादी रेघ जायच्या आधीच त्यांना कळायचं की ती चुकणार, आणि ते थांब म्हणायचे. इतकं बोलायचे की एकदा तिने त्यांना सांगितलं, बाबा, आता जरा गप्प बसा. हे ऐकून मी देवाचे आभार मानले.

बाई आल्या. डोळा बसवला. आरशासमोर बसून त्यांनी आधी स्वतःकडे बघितलं, मग आरशातूनच माझ्याकडे, मग सुनेकडे. प्रत्येकीला कळलं की बाई आपल्याकडे बघताहेत. त्यांनी काळा चष्मा मिटला आणि पिशवीत टाकला. मग यांच्याकडे वळून म्हणाल्या, "हा तुमचा हात. पूर्वीचा. कुठंही ओळखेन मी."

चांगल्या मनाने म्हणाल्या होत्या, आणि हे नुसती मान हलवून मोकळे होऊ शकले असते. सूनबाईलाही ते चाललं असतं. ती तर खूशच झाली असती. मी चाकापाशी उभी राहून यांच्याकडे बघत होते.

"नाही बाई," हे म्हणाले. "माझ्या हातून आता असा होत नाही. हा हिचा आहे."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. यांनी भिंग उचललं आणि बाईंच्या हातात दिलं, दुसऱ्या हाताने आरसा त्यांच्याजवळ ओढला. आरसा यांच्या हातात थरथरत होता आणि यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

"बुबुळाची बाहेरची कड बघा," ते म्हणाले. "शेवटाला रेघ जराशी वळते. मी कधी वळवली नाही, माझ्या वडिलांनी नाही. त्याने नजर मऊ झालीय." मग सुनेकडे बोट करून त्यांनी सांगितलं, "ते मी शिकवलेलं नाही," आणि हे सांगताना त्यांची मान जेवढी ताठ होती, तेवढी स्वतः केलेल्या कुठल्याही डोळ्यासाठी मी कधी पाहिली नव्हती.